एकाच 'निष्क्रिय'खाली किती अर्थ? भाषा संचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. भाषा संचालक,
भाषा संचालनालय, महाराष्ट्र शासन,
वांद्रे (पूर्व), मुंबई.

विषय : 'निष्क्रिय करणे' या क्रियापदाचा सरसकट वापर थांबवून प्रसंगानुसार नेमकी क्रियापदे सुचवणारी टीप प्रसिद्ध करण्याबाबत.

महोदय,

बँका, मोबाइल कंपन्या, विमा कंपन्या आणि काही सरकारी कार्यालये ग्राहकांना जे इंग्रजी संदेश व पत्रे पाठवतात, त्यांची मराठी रूपे तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. या कामात जे इंग्रजी क्रियापद मला सर्वांत जास्त वेळा भेटते ते 'डीॲक्टिव्हेट', आणि त्यापुढे हमखास ठेवलेला मराठी पर्याय म्हणजे 'निष्क्रिय करणे'. सिमकार्ड निष्क्रिय करतात, खाते निष्क्रिय करतात, बॉम्ब निष्क्रिय करतात आणि लशीतला विषाणूही निष्क्रिय करतात. आपल्या संचालनालयाने १९६० सालापासून पदनामांचे, शासन व्यवहाराचे आणि निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले आहेत, त्यामुळे या एका क्रियापदाविषयी दाद मागायची तर ती आपल्याकडेच, असे समजून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. एखादी चालू गोष्ट थांबवली जाते तेव्हा वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात : ती कोणी थांबवली, ती पुन्हा चालू होऊ शकते का, आणि होत असेल तर त्यासाठी कोणी काय करायचे. मराठीत या तिन्ही गोष्टी पुष्कळदा क्रियापदातूनच कळतात. 'गोठवले', 'खंडित केले', 'रद्द केले', 'निकामी केले', 'बाद केले' यांतले कोणतेही ऐकले की निम्मे उत्तर हाती येते. 'निष्क्रिय केले' ऐकून मात्र यांतले काहीच कळत नाही, आणि तरीही नेमके तेच क्रियापद आपल्या सूचनांतून सर्वांत वेगाने पसरत आहे.

हा शब्द रोजच्या मराठीत कोठे वावरतो ते आधी पाहावे. निष्क्रिय प्रशासन, निष्क्रिय लोकप्रतिनिधी, घरात निष्क्रिय बसून राहणारा मुलगा, अशा प्रयोगांत तो माणसाचे किंवा संस्थेचे वर्णन करतो आणि त्या वर्णनात दूषण असते. ज्याने काही करायला हवे होते आणि केले नाही, तो निष्क्रिय. त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या खातेदाराला 'आपले खाते निष्क्रिय करण्यात आले आहे' असा संदेश येतो, तेव्हा आपल्यावर काहीतरी ठपका ठेवला आहे असे त्याला आधी वाटते आणि पैशांची काळजी त्यानंतर सुरू होते.

आमच्या पार्ल्यातल्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंना गेल्या वर्षी असाच संदेश आला. यजमानांच्या पश्चात त्यांचे सगळे व्यवहार निवृत्तिवेतनाच्या खात्यातून होत असत, आणि दुसऱ्या बँकेतले जुने बचत खाते तसेच पडून होते. संदेश वाचून त्यांनी कपाटातून पासबुक काढले, शेवटच्या नोंदीवर बोट ठेवून मला दाखवले आणि विचारले, "म्हणजे हे एवढे पैसे आता सरकारजमा झाले का गं?" शाखेत गेल्यावर खिडकीपलीकडच्या मुलाने सांगितले, "आजी, खातं इनऑपरेटिव्ह झालंय, केवायसी द्या, चालू होईल." काम अवघड नव्हतेच. त्या मुलाचे दोन वाक्यांचे उत्तर मूळ संदेशातच असते, तर काकूंची चार दिवसांची झोप उडाली नसती.

प्रत्यक्षात नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार, ग्राहकाने स्वतः केलेला एकही व्यवहार दोन वर्षांहून अधिक काळ झाला नसेल तर बचत किंवा चालू खाते 'इनऑपरेटिव्ह' या वर्गात जाते. त्यानंतरही बचत खात्यावर व्याज जमा होत राहते, किमान शिल्लक नाही म्हणून दंड आकारता येत नाही, खाते पुन्हा चालू करून देण्यासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही, आणि ओळखीची कागदपत्रे कोणत्याही शाखेत देता येतात. दहा वर्षे दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते, पण तेथूनही ठेवीदाराचा किंवा वारसांचा हक्क जात नाही. म्हणजे पैसे जागेवर आहेत, व्याज चालू आहे आणि दारही उघडे आहे. अशा अवस्थेसाठी 'निष्क्रिय करण्यात आले आहे' हे शब्द योजणे म्हणजे ग्राहकाला मिळालेले संरक्षण त्याच्यापासूनच लपवणे होय. 'दोन वर्षांत व्यवहार न झाल्याने आपल्या खात्यातले व्यवहार थांबवले आहेत. रक्कम सुरक्षित आहे' एवढे लिहायला किती जागा लागते?

येथे व्याकरणाचाही एक धागा आहे. 'खाते निष्क्रिय झाले', 'आम्ही खाते निष्क्रिय केले' आणि 'खाते निष्क्रिय करण्यात आले आहे' ही तीन वाक्ये तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिल्यात काळ गेल्यामुळे आपोआप घडलेली अवस्था आहे, दुसऱ्यात करणारा समोर उभा आहे, आणि तिसऱ्यात करणारा आहे पण पडद्याआड गेला आहे. कार्यालयीन मराठीला 'करण्यात आले आहे' या रचनेचे इतके व्यसन आहे की जे नुसतेच 'झाले' आहे तेही आपण 'करण्यात आले' असे लिहितो. मुदत उलटल्याने आपोआप थांबलेले खाते आणि पोलिसांच्या आदेशावरून थांबवलेले खाते एकाच वाक्यात बसू लागतात ते यामुळेच. पोलिसांच्या किंवा करवसुलीच्या कारवाईसाठी मराठीत 'खाते गोठवणे' हे क्रियापद रुळलेले आहे आणि ते उत्तम आहे, कारण गोठवणारा कोणीतरी आहे आणि गोठलेले वितळू शकते, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

पॅनकार्डाचे उदाहरण घ्या. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून 'इनऑपरेटिव्ह' ठरले आणि वृत्तपत्रांत 'पॅन निष्क्रिय' असे मथळे आले. पुष्कळांनी त्याचा अर्थ पॅन रद्द झाले असा घेतला, आणि नवे पॅन काढावे का, अशी विचारणा माझ्याकडेही झाली. एका व्यक्तीने दोन पॅन बाळगणे हा दंडास पात्र प्रकार असल्याने हा गैरसमज महागात पडणारा होता. वस्तुस्थिती अशी की क्रमांक तोच राहतो, कर परतावा अडकतो, उद्गम करकपात (टीडीएस) चढ्या दराने होते, आणि एक हजार रुपये शुल्क भरून जोडणी केली की साधारण तीस दिवसांत सगळे पूर्ववत होते. 'पॅनचा वापर स्थगित' असे लिहिले असते तर 'रद्द'ची शंका आलीच नसती.

सिमकार्डाची गोष्ट नेमकी उलट आहे. तेथे शब्द आहे त्याहून सौम्य वाटतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे प्रीपेड क्रमांक सलग नव्वद दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झालेला क्रमांक आणखी नव्वद दिवस उलटल्यावर नव्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे 'आपला क्रमांक निष्क्रिय करण्यात येत आहे' हे वाक्य प्रत्यक्षात 'आपला क्रमांक काही महिन्यांनी परक्याच्या हाती जाऊ शकतो' असे सांगत असते. त्या क्रमांकाला बँक खाते जोडलेले असेल तर ओटीपीही त्या परक्याकडे जाणार. हा धोका 'निष्क्रिय' या शब्दातून कोणाला जाणवेल? एक शब्द बँकेच्या संदेशात विनाकारण घाबरवतो आणि मोबाइलच्या संदेशात विनाकारण निर्धास्त ठेवतो.

कायदा करणाऱ्यांनी हा भेद पाळला आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. २०१६ च्या आधार अधिनियमाच्या कलम २३ मध्ये क्रमांक वगळणे आणि क्रमांक निष्क्रिय करणे या दोन कृती वेगळ्या सांगितल्या आहेत. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ खाली थकबाकीसाठी पुरवठा खंडित करण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि रक्कम भरली की पुरवठा पूर्ववत करावा लागतो. म्हणून 'खंडित' हा शब्द तेथे चपखल बसतो, कारण जे खंडित झाले ते पुन्हा सांधता येते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना सहकार कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीपासून 'क्रियाशील सभासद' ही संज्ञा ठाऊक आहे, आणि तिचा विरुद्धार्थी म्हणून 'निष्क्रिय' न वापरता 'अक्रियाशील' वापरले गेले. सर्वसाधारण सभेला न येणाऱ्या शेजाऱ्याला लेखी 'निष्क्रिय' म्हटले असते, तर मुंबईतल्या किती सभा मारामारीवर गेल्या असत्या याची कल्पना करवत नाही.

आता धोकादायक वस्तूंकडे वळते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर आठवडाभराने, ३ डिसेंबरला, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर प्रवाशांच्या मागे राहिलेल्या सामानात स्फोटके सापडली आणि बॉम्बशोधक व नाशक पथकाने ती निकामी केली. 'निकामी करणे' हे या कामाचे मराठीतले सिद्ध क्रियापद आहे. त्यात अंतिमपणा आहे. मूत्रपिंड निकामी झाले म्हटल्यावर ते पुन्हा चालू होईल असे कोणी समजत नाही. हिंदी बातम्यांच्या प्रभावाने हल्ली 'बॉम्ब निष्क्रिय केला' असे मराठी वाहिन्यांवरही ऐकू येते. ज्याला आपण त्याच दिवशी 'खाते निष्क्रिय, केवायसी द्या, चालू होईल' असे सांगितले आहे, त्याने त्या बॉम्बविषयी काय समजावे? जुन्या मराठी कागदपत्रांत शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून तोफेच्या कान्यात मेखा ठोकल्याचे उल्लेख येतात. तोफ जागेवर, पण बत्ती देण्याचे छिद्रच बुजवलेले. काय केले आणि कसे केले हे दोन्ही त्या एका क्रियापदात आहे.

लशींच्या बाबतीत तर मुंबईचा या विषयाशी थेट संबंध आहे. १८९६ साली येथे प्लेगची साथ आली तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचे जंतू वाढवले, उष्णता देऊन ते मारले, आणि त्या मेलेल्या जंतूंची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जिवाणू जिवंत पेशी असल्याने तेथे 'मारलेले जंतू' हे साधे मराठी पुरेसे होते. विषाणू पेशीबाहेर स्वतः वाढत नाही, त्याला जिवंत म्हणावे की नाही हाच प्रश्न, म्हणून शास्त्रज्ञ तेथे 'इनॲक्टिव्हेटेड' म्हणतात. पोलिओची टोचून देण्याची लस किंवा कोव्हॅक्सिन ही त्याची उदाहरणे. रसायनाने किंवा उष्णतेने विषाणूची संसर्गक्षमता कायमची नष्ट केलेली असते. करोनाच्या काळात 'लशीत निष्क्रिय विषाणू आहे' हे ऐकून 'आज निष्क्रिय आहे, पण पुढे शरीरात जागा झाला तर?' असे विचारणारी माणसे अडाणी नव्हती. त्यांनी तो शब्द जेथे जेथे ऐकला होता, तेथे तेथे निष्क्रिय झालेली गोष्ट पुन्हा चालू होत होती. 'संसर्गक्षमता नष्ट केलेला विषाणू' हे लांब आहे, मान्य. पण लस घ्यायला उभ्या असलेल्या माणसाला त्या दोन जास्तीच्या शब्दांची गरज असते.

शास्त्रीय परिभाषेतली बाकीची गर्दी ओझरती सांगते. रसायनशास्त्रात बेन्झीनच्या कड्याला नायट्रो गट जोडला की पुढील विक्रिया मंदावते, थांबत नाही. तरी त्या गटाला 'निष्क्रिय करणारा' म्हटले जाते. 'क्रियाशीलता घटवणारा' म्हटले तर विद्यार्थ्याच्या डोक्यात योग्य चित्र उभे राहील. हेलियम, निऑन इत्यादींना पूर्वी 'निष्क्रिय वायू' म्हणत. १९६२ साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग बनवले आणि ते विशेषण खोटे ठरले. त्याऐवजी मराठी पाठ्यपुस्तकांत आलेला 'राजवायू' हा शब्द मला आपल्या परिभाषेतल्या सर्वांत देखण्या शब्दांपैकी एक वाटतो. आणि परळच्याच केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाविषयी जो निकाल दिला, त्यातल्या 'पॅसिव्ह' प्रकारालाही मराठी बातम्यांनी 'निष्क्रिय दयामरण' केले. तेथे अर्थ आहे उपचार चालू न ठेवणे किंवा काढून घेणे. खाते, विषाणू, वायू आणि मरण यांना एकच विशेषण लावताना आपण कोठेतरी थांबायला हवे होते.

आपल्याकडे शब्दांची वाण आहे म्हणून हे घडते, असे कोणी म्हणू नये. थांबवण्याच्या, बंद करण्याच्या क्रियांविषयी मराठी फार हळवी आणि म्हणून फार श्रीमंत आहे. देवापुढचा दिवा आपण विझवत नाही, मालवतो किंवा शांत करतो. जुने दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करत नसत, वाढवत असत, कारण उद्या ते पुन्हा उघडायचेच असते. चलनाच्या बाबतीत तर एका क्रियापदाने काय फरक पडतो हे सगळ्यांनी अनुभवले आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या. १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने दोन हजारच्या नोटा चलनातून मागे घेत असल्याचे जाहीर केले, पण त्यांची कायदेशीर ग्राह्यता कायम ठेवली. 'मागे घेतल्या' आणि 'बाद केल्या' यांतला भेद अनेक मथळ्यांनी पाळला नाही, आणि घरात ठेवलेल्या दोन-चार नोटांसाठी माणसे पुन्हा २०१६ सारखी धास्तावली.

या संदिग्धतेचा फायदा सर्वांत आधी कोणी ओळखला असेल तर तो भामट्यांनी. 'केवायसी अद्ययावत नसल्याने आपले खाते आज रात्री निष्क्रिय होईल, खालील लिंकवर क्लिक करा', 'बिल न भरल्याने आज रात्री साडेनऊला वीजपुरवठा खंडित होईल, या क्रमांकावर बोला', अशा संदेशांचा मजकूर कार्यालयीन मराठीची हुबेहूब नक्कल असतो. ती नक्कल इतकी सोपी का, याचा विचार व्हावा. खऱ्या सूचनेत कारण, नियम, मुदत आणि पुढची वाट नसते. खोट्या सूचनेतही नसते. खरी सूचना 'दोन वर्षे व्यवहार नसल्याने', 'पूर्ण पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर', 'कोणत्याही शाखेत, विनाशुल्क' असे नेमके बोलू लागली, तर 'आज रात्री'ची घाई करणारा संदेश निदान वेगळा तरी दिसेल.

यावर एक आक्षेप मला माझ्या क्षेत्रातल्याच मंडळींकडून ऐकावा लागतो. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द ठरवला की भाषांतर जलद होते, संगणकाला शिकवणे सोपे जाते आणि सगळीकडे एकवाक्यता राहते. यंत्राच्या सेटिंगमध्ये 'सूचना बंद करा' असा दोन शब्दांचा आदेश हवा असतो तेथे हे पटते, आणि तेथेही 'निष्क्रिय करा'पेक्षा 'बंद करा' बरे. पण मूळ इंग्रजीतच ही एकवाक्यता नाही. बँकेचा शब्द वेगळा, लशीचा वेगळा, वायूचा वेगळा, दयामरणाचा वेगळा. इंग्रजीतले वेगळे शब्द मराठीत येऊन एक होतात, त्याला एकवाक्यता म्हणता येत नाही. फेसबुकवर खाते तात्पुरते बंद करणे आणि कायमचे काढून टाकणे हे दोन पर्याय शेजारीशेजारी असतात. पहिल्यातून केव्हाही परत येता येते, दुसऱ्यातून ठरावीक दिवसांनंतर येता येत नाही. 'तात्पुरते' आणि 'कायमचे' ही दोन मराठी क्रियाविशेषणे तेथे कोणत्याही संस्कृतप्रचुर संज्ञेपेक्षा जास्त काम करतात. 'निष्क्रियीकरण' या नामाविषयी मी काही लिहीत नाही; ते एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे, एवढीच विनंती.

संचालनालयाकडे माझी मागणी नव्या कोशाची नाही. शासन व्यवहारात आणि बँका, दूरसंचार, वीज, रेल्वे यांच्या लोकांसाठीच्या सूचनांत वापरण्याकरिता दोन-तीन पानांची एक टीप काढावी. वापर नसल्याने आपोआप थांबलेल्या सेवेसाठी 'थांबले आहे' किंवा 'स्थगित' लिहावे आणि पुन्हा चालू करण्याची रीत त्याच वाक्यात द्यावी. अधिकाऱ्याच्या आदेशाने थांबवले असेल तर 'गोठवले' किंवा 'निलंबित केले' लिहून आदेश कोणाचा ते सांगावे. थकबाकीसाठी पुरवठा तोडला असेल तर 'खंडित', कायमचे संपवले असेल तर 'रद्द' किंवा 'कायमचे बंद', स्फोटकांसाठी फक्त 'निकामी'. शास्त्रीय अर्थांसाठी त्या त्या विषयाच्या तज्ज्ञ समितीने ठरवावे, मात्र लोकांसाठीच्या आरोग्यसूचनेत कोशातला शब्द जसाच्या तसा न टाकता त्याचा उलगडा द्यावा. आणि 'करण्यात आले आहे' लिहिण्यापूर्वी, ते केले की झाले, हे लिहिणाऱ्याने स्वतःला विचारावे, अशी एक ओळ त्या टिपेत असावी.

ही टीप रिझर्व्ह बँक, दूरसंचार नियामक प्राधिकरण आणि राज्यातल्या वीज कंपन्यांकडे संचालनालयाच्या पत्रासह गेली तर तिला वजन येईल. माझ्यासारख्या भाषांतरकाराने सुचवलेला शब्द संबंधित विभागात 'मूळ शब्दसूचीत नाही' एवढ्या शेऱ्यानिशी परत येतो. गेल्या काही वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या आणि परिचितांनी दाखवलेल्या अशा सूचनांचे मजकूर, नावे व क्रमांक काढून टाकून, मी जपून ठेवले आहेत. संचालनालयाला ते पाहायचे असतील तर कार्यालयीन वेळेत स्वतः आणून देण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक भाषांतरकार,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई.